सव्वाशे ठिपक्यांची राजक्का

समय्याभाऊ, तुमचं गाव मी अकरा वर्षं उलट्या रंगात पाहिलं. तुमच्या निगेटिव्हमधल्या नवऱ्या मुलींची तोंडं निळसर असायची, दात काळे, कपाळावरचं कुंकू हिरवट-निळं, झाडं जांभळी, आणि मागे पसरलेली गोदावरी विटकरी रंगाची. चंद्रपूरच्या लॅबमध्ये, खालून दिवा लावलेल्या काचेवर मी तुमची एकेक पट्टी सरकवत जायची आणि माझ्या मनातलं सिरोंचा तसंच होत गेलं. निळ्या माणसांचं आणि जांभळ्या झाडांचं गाव. मशीनमधून कागद बाहेर पडायचा तेव्हा सगळं सुलट झालेलं असायचं, पण तोवर मी त्या दुसऱ्या गावात थोडं हिंडून आलेली असायची. परवा पहिल्यांदा बसमधून तुमच्या गावात उतरले, चौकातलं झाड हिरवं दिसलं, आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं की काहीतरी चुकलंय.

तुम्ही गेल्याचं मला कंडक्टरनं सांगितलं. नेहमीप्रमाणे कामावर जाता जाता मी स्टँडवर थांबले होते. तुमचं पाकीट द्यायचे ते कंडक्टर खाली उतरले आणि त्यांनी दोन्ही हात नुसते उघडून दाखवले. "मलेरिया होता बाई. डोक्यात गेला. तीन दिवसांत खतम." मी तरीही हात पुढे धरून उभी होते. अकरा वर्षांची सवय, दुसरं काय.

तुमच्या तेराव्याला बायकांनी मला विचारलं, "तुमी कोण, बाई?"

"मी चंद्रपूरच्या लॅबची."

"कायची लॅब?"

"समय्याभाऊंचे फोटो मी काढायची. म्हणजे… छापायची."

"फोटो तर समय्या काढे," एक म्हातारी म्हणाली. तिचं बरोबर होतं. मग मी म्हणाले, "ते रोल पाठवायचे, मी धुवायची." तेव्हा तिनं सरकून मला जागा दिली. धुणाऱ्या बाईला सगळीकडेच जागा मिळते.

आपण भेटलो किती वेळा? मोजून पाच. बाकी सगळं पाकिटांवर झालं. दर आठवड्याला रोलची डबी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली चिठ्ठी. कधी वहीच्या पानावर, कधी बसच्या तिकिटामागे. पहिली चिठ्ठी मला तोंडपाठ आहे. "नवरी सावळी हाये. मशीनवर गोरी करू नका. तिचा बाप मले म्हणंल, ही आमची नोहे." आमच्या लॅबमध्ये तेव्हा सगळ्याच नवऱ्या एक बटण वर करून गोऱ्या केल्या जायच्या, मालकांचा तसा हुकूम होता. मी तुमच्या रोलपुरतं ते बटण खाली ठेवलं. मालकांना कळलं नाही. तुम्हाला कळलं. पुढच्या चिठ्ठीत एकच शब्द होता, "बागुंदी", आणि खाली कंसात "छान हाये", कारण चंद्रपूरच्या बाईला तेलुगू कुठली येणार.

मला त्या एका शब्दानं इतका आनंद झाला होता, की मी दिवसभर तो मशीनच्या घरघरीत म्हणत बसले होते.

तुम्हाला जे सांगायचं राहिलं, ते आता सांगते. चार वर्षं मी ते उद्याच्या बसवर ढकलत आले.

तो कॅमेरा तुमच्या मेव्हण्यानं वरंगलहून आणला होता. तुम्ही तो दाखवायला मुद्दाम चंद्रपूरला आलात, नऊ तास बसमध्ये बसून, पुठ्ठ्याच्या डब्यासकट. साबणाच्या वडीएवढा, चांदीच्या रंगाचा. पुढे लहानशा अक्षरांत लिहिलेलं, दोन मेगापिक्सेल.

"रोल नाई, धुणं नाई," तुम्ही म्हणालात आणि लगेच माझ्याकडे पाहून ओशाळलात. "मतलब, तुमचं काम राहीलच ना बाई. छापणं तर लागंलच."

मी तुम्हाला पेन्सिलनं आकडा मांडून दाखवला. आडवे सोळाशे ठिपके, उभे बाराशे. चांगला फोटो छापायचा तर एका इंचात तीनशे ठिपके हवेत, म्हणजे तुमचा हा कॅमेरा पोस्टकार्डापर्यंत राजा. आठ बाय दहा जेमतेम निघेल. त्याच्यापुढे मात्र रिकामी जागा, तिथे काही नाहीच. फिल्ममध्ये दाणा असतो, तो मोठा केला तर रेती दिसते, पण रेतीतही माणूस असतो. इथे चौकोन दिसतील.

तुम्ही आकड्याकडे पाहिलंच नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "पण माणूस फोटो पाह्यते तो कुठून पाह्यते? नाक लावून पाह्यते का?"

तो वाद तिथे सुरू झाला. तो कधी संपलाच नाही.

तुमच्या गावात कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. तिथून तुम्ही फोटो फ्लॉपीवर घालून पाठवू लागलात. एका फ्लॉपीत एकच फोटो मावायचा. कधी सात फ्लॉप्यांची चळत सुतळीनं बांधून यायची, एकीवर "नवरदेव", एकीवर "जेवण", एकीवर "नदी, असाच". "असाच" लिहिलेल्या फ्लॉप्या मी सर्वांत आधी उघडायची. त्यात कुणाचं काही काम नसायचं. धुक्यातली होडी, वाळूवर वाळत घातलेलं जाळं, पाण्यात गुडघाभर उभी म्हैस. ते पोस्टकार्डाएवढेच छापले तर इतके सुंदर दिसायचे की मी माझा आकडा विसरायची.

मग त्या पावसाळ्यात तुमचा फोन आला. मधल्या नाल्यांचे पूर उतरून बस नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

"शोभाबाई, म्हातारी गेली."

"कोण?"

"राजक्का. नदीवरची. जाळे विणे ती. फ्लॉपी पाठवली हाये, लग्नाचा फोटो हाये त्याच्यात. डावीकडून तिसरी, तोंड उघडून हसून राह्यली ती. तिचा दुसरा फोटोच नाई. जन्मात कोणाले काढू नाई दिला. हा पण मी चोरूनच काढला. बारा बाय अठरा पाह्यजे घरच्यांले. फक्त ती. बाकीचे काढून टाका."

फ्लॉपी सकाळच्या बसनं आली होती. तुम्ही बोलत असतानाच मी ती उघडून डावीकडून तिसरी मोजली. "भाऊ, नाही निघणार. तिचं तोंड आडवं सव्वाशे ठिपके आहे. ते सहा इंचांवर पसरलं तर एकेक ठिपका मोहरीएवढा होईल. चौकोन चौकोन दिसतील. घरच्यांना काय द्यायचं, फरशी?"

"बाई, जत्रेतल्या टॉकीजचं पोस्टर जवळून पाह्यलं का कधी? नुसते ठिपके रायते. दहा पावलं मागं सरा, हीरो दिसते."

"हीरोला तुम्ही आधीच ओळखता. म्हणून दिसतो."

"मग?" तुम्ही म्हणालात. "राजक्काले तिच्या घरचे ओळखत नाईत का?"

मी म्हणाले, लाइन खराब आहे, आणि फोन ठेवला. लाइन खराब नव्हती, समय्याभाऊ.

मी तो फोटो मोठा करून एकदा छापून पाहिला. जवळून खरंच फरशी दिसत होती. दोन डोळ्यांच्या जागी आठ-दहा काळे-करडे चौकोन, हसऱ्या तोंडाच्या जागी एक गडद खळगा. मी तो भिंतीला टेकवून दहा पावलं मागं सरायला हवं होतं. लॅबची खोली सात पावलांची होती, पण दार उघडून बाहेर जाता आलं असतं. मी गेले नाही. मला त्या चौकोनांची लाज वाटली. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलंय आणि मी हे पाठवतेय, असं वाटलं.

म्हणून पुढचे तीन दिवस, दुपारी काम कमी असायचं तेव्हा, मी कॉम्प्युटरवर बसले. आधी चौकोन विरघळवले. मग चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला, तो आणखीच वाईट दिसू लागला. तेव्हा तुमची एक जुनी निगेटिव्ह काढली, नदीवरच्या रिकाम्या आभाळाची. त्या आभाळाचा दाणा घेतला आणि राजक्काच्या चेहऱ्यावर पातळ अंथरला. एकदम फिल्मसारखं झालं. मग डोळे. डोळ्यांत काहीच नव्हतं, मी त्यांत एकेक उजेडाचा ठिपका ठेवला. आणि सुरकुत्या… भाऊ, सुरकुत्या नव्हत्याच त्या फ्लॉपीत. सव्वाशे ठिपक्यांत सुरकुती मावत नाही. मूल गावात माझी मावशी होती, धानाच्या बांध्यांमध्ये जन्म गेलेली. तिचा मी काढलेला फोटो होता. तिच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या उचलून मी राजक्काला लावल्या. ओठांजवळची एक आडवी रेघही.

राजक्काला मी कधी पाहिलं नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसत होती.

नवऱ्या मुलीला एक बटण गोरी करू नका म्हणणाऱ्या माणसाला मी अर्धी मावशी पाठवली. पाकिटावर काही लिहिलं नाही.

तुमचं उत्तर पुढच्याच बसनं आलं. "बागुंदी शोभाबाई. घरचे सगळे रडले. पोरगी तर फोटोले हात लावून बसली. दोन मेगापिक्सेलमदी! तुमी उगाच भेव दाखवत होत्या." ती चिठ्ठी हातात घेऊन मी खूप वेळ उभी राहिले. उत्तर लिहायला कागदही घेतला. मग कुणीतरी पासपोर्ट फोटो मागायला आलं.

दिवाळीनंतर सगळ्या तालुक्यांचे फोटोग्राफर लॅबमध्ये जमायचे, तेव्हा तुम्ही तो फोटो घेऊन आलात. घरच्यांकडून मागून, धोतरात गुंडाळून, मांडीवर धरून. गडचांदूरचा तो फोटोग्राफर तुम्हाला आठवतो ना, कारखान्याचे समारंभ काढायचा, नुकताच आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा गळ्यात घालून आलेला? "खाणीतल्या मशीनचा नट न नट दिसते," म्हणत तो प्रत्येकाला पडदा दाखवत होता. तुम्ही शांतपणे धोतराची गुंडाळी सोडलीत आणि राजक्काला काउंटरवर उभं केलंत.

गडचांदूरवाल्यानं नाक कागदाला लावलं. चौकोन शोधत होता. सापडले नाहीत.

"हा तर फिल्मचा वाटून राह्यला," तो म्हणाला.

"फ्लॉपीवरचा हाये. दोन मेगापिक्सेल. शोभाबाईले विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हीही. तुमच्या चेहऱ्यावर असा उजेड मी आधी कधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "हो. फ्लॉपीवरचाच आहे."

शब्द एकही खोटा नव्हता.

यानंतर जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

होळीच्या आधी एटापल्लीकडच्या एका गावात सामूहिक लग्नं होती. सव्वीस जोडपी. फोटोचं काम तुम्हाला मिळालं होतं. तुम्ही तो चांदीचा कॅमेरा घेऊन गेलात आणि जुना फिल्मचा घरी ठेवलात. दोन जोडपी काढून झाली आणि सेल संपले. जवळचे दुसरे सेलही तासाभरात बसले, त्या कॅमेऱ्याला पेन्सिल सेल पुरायचेच नाहीत. तिथे दुकान कुठलं? शेवटच्या दमात तुम्ही सगळ्यांना तीन ओळींत उभं केलंत, एक फोटो घेतलात, आणि सांगितलंत, "याच्यातूनच एकेक जोडी काढून मोठी करून देतो. काई फिकर करू नका." लोकांनी विश्वास ठेवला. तुम्ही माझ्या कामावर विश्वास ठेवला होता.

फ्लॉपी उघडली आणि मी कपाळावर हात ठेवला. एकेका चेहऱ्याला पस्तीस ठिपके. एका नवरदेवाचा डोळा म्हणजे तीन ठिपके, त्यातला एक मुंडावळ्यांचा.

"भाऊ, नाही होणार."

"काऊन? राजक्काले तर झालं."

"तिला सव्वाशे होते. इथे पस्तीस आहेत."

"मग बारा बाय अठरा नको. लहान काढा. पण काढा बाई, मी जबान देऊन आलो. तुमी तवा जे केलं, तेच करा ना."

हीच ती जागा होती. तुम्ही दार उघडून उभे होता, मी फक्त आत यायचं होतं. आणि मी म्हणाले, "मी काही केलं नव्हतं. मशीननं केलं."

मग तुम्ही म्हणालात, "ठीक हाये, बाई."

मी करायला बसले नव्हते असं नाही. एक नवरी घेतली. पण ती सतरा-अठराची दिसत होती, कोऱ्या चेहऱ्याची. तिला काय लावणार? कुणाची मावशी? म्हाताऱ्या चेहऱ्यावर मी माझं खोटं सुरकुत्यांत लपवलं होतं. तरुण चेहऱ्यावर लपायला जागाच नसते. मी जे काही काढलं, ती कुठल्यातरी कॅलेंडरवरची मुलगी होत होती. मी ते पुसून टाकलं.

तुम्ही मला दोष दिला नाहीत. जुना कॅमेरा काढलात, रोल भरलात आणि मोटरसायकलवर निघालात. उरलेली चोवीस जोडपी, तेवढीच गावं नसली तरी वीस तरी असतील. दीड महिना पाकिटं कुठून कुठून येत राहिली, अहेरीहून, आलापल्लीहून, एकदा तर जंगलातल्या एका नाक्यावरून कुणाच्या तरी हाती. लोक तुमच्यावर चिडले होते, हे तुम्ही लिहिलं नाहीत. कंडक्टरनं सांगितलं. एका गावात तुम्हाला अंगणातही येऊ दिलं नव्हतं. तुम्ही कुंपणाबाहेर बसून राहिलात, नवऱ्या मुलाची आई पाणी घेऊन येईपर्यंत.

पण भाऊ, काय फोटो होते ते. मांडवात ओळीत उभी राहिलेली, घाबरलेली ती जोडपी आता आपापल्या घरी होती. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, तिच्या हातात अजून टोपली, तो मागे ओसरीला टेकलेला, दोघांची नुकतीच ओळख झाल्यासारखी हसू दाबलेली तोंडं. एक जोडपं मिरची तोडायला नदीपार गेलं होतं, तिथेही तुम्ही होडीनं गेलात. लाल मिरच्यांच्या ढिगात ती दोघं उभी. माझ्या काचेवर तो ढीग निळा-हिरवा समुद्र दिसत होता आणि ती दोघं त्यात कमरेपर्यंत बुडालेली. शेवटच्या रोलमध्ये एक मुलगी एकटीच होती, बकरीच्या गळ्यात हात टाकून. चिठ्ठीत होतं, "ही नांदत नाई आता. म्हणे, जोडीचा नको, माझाच काढा. काढला."

आणि त्याच चिठ्ठीत, खाली, वेगळ्या शाईत एक ओळ होती. "या रोलमदे काई करू नका शोभाबाई. जसं हाये तसं."

असं तुम्ही आधी कधी लिहिलं नव्हतं. त्या पहिल्या नवरीपासून आपल्यात ते ठरलेलंच होतं, लिहायची गरज नव्हती. मग का लिहिलंत? तुम्हाला कळलं होतं का? मी ती ओळ किती वेळा वाचली असेल. कधी ती साधी सूचना वाटते, कधी वाटतं तुम्ही दार पुन्हा एकदा उघडून ठेवलं होतंत, या वेळी आवाज न करता.

मी जसं होतं तसंच छापलं. पण कुंपणाबाहेर तासभर बसून काढलेला तो फोटो मी न सांगता बारा बाय अठरा केला आणि पाठवला. त्यात तिथल्या नवरीच्या पापणीचा केस न केस दिसत होता. जुना कॅमेरा, साधा रोल. मला म्हणायचं होतं, पाहा, ठिपक्यांना किंमत असते. तुम्ही उत्तरात लिहिलंत, "घरच्यांनी वर आढ्याजवळ टांगला. खालून केस दिसत नाई. पोरगी दिसते."

वाद तसाच चालू राहिला. पुढे तुम्ही सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतलात, मी चिडवलं, तुम्ही म्हणालात, "घेतला तुमच्यासाठी, बाई. तुमची कटकट बंद व्हाव म्हणून." आपण दोघंही हसलो. त्या हसण्यात मी सांगू शकले असते. लॅबमध्ये दोघंच होतो, आणि तुमची बस दोन तासांनी होती. मी चहा मागवला, आणि आपण पूर ओसरल्यावर नदीचा रंग कसा होतो यावर बोलत बसलो.

तेराव्याचं जेवण झाल्यावर मी राजक्काचं घर विचारलं. वहिनी म्हणाल्या, नदीकडे जा, शेवटचं. माझ्या पिशवीत एक गुंडाळी होती. निघण्याआधी लॅबमध्ये मी ती जुनी फ्लॉपी शोधून काढली होती, आणि नशीब, ती उघडली. त्यातून राजक्काला पुन्हा छापलं होतं, बारा बाय अठरा. काहीही न करता. सगळे चौकोन जसेच्या तसे.

पोसक्का, तिची मुलगी, दारात जाळं सोडवत बसली होती. चाळिशीची असेल. मी कोण ते सांगितलं. तिनं हात पुसून मला आत नेलं. आत अंधार होता, दारातून येईल तेवढाच उजेड. समोरच्या भिंतीवर, बऱ्याच उंचावर, राजक्का हसत होती. मी उंबऱ्यातच थांबले. आठ-नऊ पावलं असतील. भाऊ, तिथून मला माझी एकही सुरकुती दिसली नाही. मावशी कुठेच नव्हती. दाणा नाही, डोळ्यातला ठिपका नाही. एक हसणारी म्हातारी होती, बस.

मी पोसक्काला सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता. की हे डोळे मी काढले, या सुरकुत्या तुझ्या आईच्या नाहीत, समय्याभाऊंना हे माहीत नव्हतं.

"कोणत्या सुरकुत्या?" तिनं विचारलं. तिनं फोटो खाली काढला, दाराशी उजेडात आणला. "दाखवा बरं."

मी बोट ठेवलं. डोळ्याच्या कडेला.

"या तर मायच्याच हायेत," ती म्हणाली. "पाण्यावरचं ऊन पाहून पाहून पडते अशी. माझ्या पण पाहा." आणि तिनं तोंड माझ्यासमोर धरलं. होत्या.

मी दुसरी गुंडाळी उलगडली. ती जवळून पाहून पोसक्का चकित झाली, तिनं चौकोनांवरून बोट फिरवलं. "हे काय? माय जाळ्यामागं उभी हाये का?" मी म्हणाले, कॅमेऱ्यात खरी एवढीच होती, बाकीचं मी भरलं. तिनं तो कागद भिंतीला टेकवला आणि उंबऱ्यापर्यंत मागं सरली. मीही सरले. चौकोन एकमेकांत मिटत गेले, आणि अंधारातून तीच म्हातारी पुढे आली. तसंच हसत. पहिल्यापेक्षा थोडी धूसर, थोडी दूर, पण तीच.

"सारखीच तर हाये," पोसक्का म्हणाली.

तुम्ही जिंकलात, समय्याभाऊ. चार वर्षांपूर्वीच जिंकला असतात. मी तुमचं म्हणणं तपासूच दिलं नाही. त्या माणसांना तिची ओळख होती आणि ते बाकीचं आपलं आपण भरणार होते, माझ्यापेक्षा चांगलं. पस्तीस ठिपक्यांचं ते चाललं नसतं हेही खरं, तिथे माझा आकडा बरोबर होता, आणि माझ्या खोट्यामुळे ते तुम्हाला आधी कळलं नाही. दीड महिना उन्हात फिरावं लागलं. त्याची माफी मागायची होती. आणि त्या दीड महिन्यातल्या फोटोंसाठी आभार मानायचे होते. दोन्ही एकाच पाकिटात कसं घालायचं ते मला कधी सुचलं नाही.

पोसक्कानं दोन्ही फोटो ठेवून घेतले. माझी परतीची बस सकाळची होती, म्हणून ती म्हणाली, चला, नदी दाखवतो. तिनं स्वतःच डोंगा वल्हवला. ऊन उतरलं होतं. पाणी इतकं रुंद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, कागदावर ते नेहमी सहा इंचांत संपायचं. पलीकडचा काठ धुरासारखा होता, आणि मधे दूर एक दुसरा डोंगा, त्यात पाठमोरा एक म्हातारा जाळं ओढत होता.

मग मी विचारलं, "ती हसायची कशी? तोंड एवढं उघडून हसतेय फोटोत. आवाज कसा होता?"

पोसक्कानं वल्हं थांबवलं. लाजली थोडी. मग मान मागे टाकून तिनं आईसारखं हसून दाखवलं. खर्जातून सुरू झालेलं, मधेच फुटणारं, पाण्यावरून घरंगळत जाणारं हसू.

दूरच्या डोंग्यातल्या म्हाताऱ्याच्या हातातलं जाळं सुटलं. तो गर्रकन वळला आणि पाण्यावरून त्याची हाक आली, "राजक्का?"